पाणी कोमट, आकाश मोकळे

आमच्या समुद्र-जलतरण स्पर्धेचे नियम दोनच. पाणी कोमट हवे आणि आकाशात ढग नकोत. पाणी मोजायचे काम समुद्र खात्याकडे, म्हणजे माझ्या आईकडे. आकाश बघायचे काम ढग खात्याकडे, म्हणजे बाबांकडे. इमारत एकच, आई तळमजल्यावर, बाबा गच्चीवर. मधल्या जिन्यात बोलायला परवानगी लागते. सोळा वर्षांखालच्या गटात पोहायची माझी ही शेवटची संधी, कारण लवकरच मी नाइलाजाने सोळा पूर्ण करणार आहे.

ऊन तापले, पाणी तापले, आईने हिरवा बावटा लावला. मी चष्मा डोळ्यांवर ओढतेय तोवर तापल्या पाण्याची वाफ वर जाऊन तिचे ढग झाले. बाबांचा लाल बावटा! ढगांनी ऊन अडवले, वाऱ्याने पाणी घुसळले, समुद्र गार पडला. ढग पांगले तेव्हा बाबांचा हिरवा आणि आईचा लाल. मग पुन्हा ऊन, पुन्हा ढग. माझा चष्मा आपला कपाळावरच.

“तुमचे ढग वेळेवर हलत नाहीत,” जेवताना आई म्हणाली.

“तुझा समुद्रच पाठवतो त्यांना वर!”

“तशी लेखी तक्रार आलीय का?”

“अगं, पण हे सगळं एकच चक्र आहे ना!” मी ओरडले. दोघांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी दोन खाती एकत्र करायला निघाले होते.

शेवटी ‘आधी सुरुवात कोणी केली’ हे ठरवायला समिती बसली. अध्यक्षांना पोहता येत नसल्याने ते निःपक्षपाती होते. समुद्राने तापावे, मात्र वाफ सोडू नये, असे परिपत्रक त्यांनी किनाऱ्यावर खणखणीत आवाजात वाचले. लाटेने त्यांचे बूट भिजवले. ही पोच मानावी की उद्धटपणा, यावर चर्चा रंगली.

तेवढ्यात आम्ही मुलींनी उड्या मारल्या! वर ढग, खाली गारेगार पाणी, आणि मी पहिली! बाहेर आले तर आईबाबा एकाच टॉवेलची दोन टोके धरून उभे.

“बघ, माझं पाणी,” आई म्हणाली.

“माझ्या सावलीत,” बाबा म्हणाले.

समितीने निकाल दिला : स्पर्धा झालेली नाही, मुली अनधिकृतपणे ओल्या आढळल्या. सुरुवात कोणी केली याचा तपास चालू आहे.

तुम्हीही मघापासून मनात ठरवताय ना, चूक आईच्या खात्याची की बाबांच्या? वा! समितीत एक जागा रिकामी आहे. पोहता येत नसल्यास प्राधान्य.