चंद्रीची गोळी

नीलमच्या मोबाईलवर सकाळी आठचा गजर झाला की तिची सासू जयाबाई आधी दार लोटून घ्यायची. नीलमचा गर्भ बेळगावच्या दवाखान्यात गोठवून ठेवला होता. तो पोटात ठेवायच्या आधी गर्भाशयातली अस्तराची गादी जाड व्हायला हवी, म्हणून सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला हार्मोनची गोळी. एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"कळलं की," जयाबाई म्हणाली होती. "आदी वाफा तयार करायचा, मग रोप लावायचं."

पण हे कंग्राळी गावात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. शेजारच्या अक्काताईला तर मुळीच नाही. तिच्या कानावर पडलेली बातमी चहा उकळायच्या आत पलीकडच्या काकती गावाला पोचायची, आणि चहा गाळेपर्यंत त्या बातमीला दोन पोरं झालेली असायची!

पहिल्याच दिवशी विरजण मागायला आलेल्या अक्काताईनं गोळ्यांच्या पाकिटाकडं बोट दाखवलं. जयाबाई बोलून गेली, "चंद्रीच्या हायत. म्हस गाभ ऱ्हाईना गं."

दुसऱ्या दिवशी अक्काताई चंद्रीसाठी मेथीचे लाडू घेऊन आली. तिसऱ्या दिवशी अंगारा. बाराव्या दिवशी तर गुरांचा डॉक्टर मष्णू!

मष्णूनं म्हैस तपासली. "ऱ्हाईना? जयाक्का, पाच म्हैन्याची गाभण हाय की ही!"

जयाबाईनं चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. "व्हय तर! आता गाभ टिकावा म्हणून गोळी."

"मग आन हिकडं," अक्काताई म्हणाली. "गजर झाला न्हवं? मीच चारते."

पाकिटात एकच गोळी उरली होती. त्याच दिवशी दहा वाजता दवाखान्यात नीलमची तपासणी होती. गादी भरली तर गर्भ ठेवायची तारीख मिळणार, आणि पुढच्या गोळ्याही तिथंच. दारात नीलम पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली. अक्काताईनं गोळी घेतली, गुळाचा खडा घेतला आणि हात थेट चंद्रीच्या तोंडात घातला. चंद्रीनं गिळलं आणि आणखी मागितलं. नीलमचे डोळे भरले.

मष्णूची फटफटी वळणाआड गेली तशी जयाबाई अक्काताईकडं वळली. "अक्काताई, खरं सांगू का..."

"नगं सांगू." अक्काताईनं दुसरी मूठ उघडली. गोळी कोरडी ठणठणीत! "म्हशीनं नुसता गूळ खाल्लाय. घे गं पोरी, आठ वाजून धा मिंटं झाली."

"तुला कसं कळलं गं?"

"आमची नात उपासना कुठनं आली वाटतं तुला? सुनंलाबी ह्याच गोळ्या! तवा मी तुला शेळीच्या हायत म्हणून सांगितलंतं."

"मग ह्या मष्णूला कशाला आणलीस?"

"तू न्हाय का माझ्या शेळीला तपासायला ह्यालाच घिऊन आलतीस? तासभर घाम फुटलाता मला. आता फिट्टंफाट!"

दुपारी नीलम बेळगावहून हसतच आली. गादी नऊ मिलिमीटर, गर्भ पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवशी आठचा गजर झाला. नीलमनं गोळी घेतली, आणि गोठ्यातून चंद्री गुळासाठी रेकायला लागली.