शेजारची सीट

पाच जणांच्या गाडीत माणूस एकटा बसला की चार जागा रिकाम्या दिसतात. दोन जणांच्या गाडीत एकटा बसला तर एकच! आणि एक जागा भरायला असा कितीसा वेळ लागतो?

हा हिशेब तपासनीसांनी स्वतः मांडला होता आणि त्यात चूक काढणारं घरात कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. ती असती तर "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" एवढ्या एका वाक्यात तिनं सगळा व्यवहार मोडून काढला असता. ती नव्हती. म्हणून लाल रंगाची, कापडी छपराची, कुणीतरी हौसेनं घेऊन कंटाळून विकलेली दोन जागांची स्पोर्ट्स गाडी इमारतीच्या दारात येऊन उभी राहिली.

तपासनीस म्हणजे लिफ्टांचे तपासनीस. सारा जन्म वर-खाली करण्यात गेला. निवृत्तीनंतर देवानं जरा पुढे जायचीही बुद्धी दिली, इतकंच.

"आता बघाच वहिनी," ते शेजारणीला म्हणाले, "रोज संध्याकाळी एक चक्कर. आज तुम्ही, उद्या मास्तर, परवा आणखी कोणी. नंबर लावावे लागतील!"

वहिनींनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. दोनदा आत डोकावल्या, स्टिअरिंगवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो भावोजी. पण केवढी ही खाली! आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. माझ्या गुडघ्यांना नाही बाई जमायचं."

वरच्या मजल्यावरचे मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीसमोर सावधान उभं राहून निकाल दिला. "पाठ, तपासनीस, पाठ! डॉक्टरांनी ताठ बसायला सांगितलंय. यात माणूस बसत नाही, पडतो."

दुसरं कुणी असतं तर ओळखलं असतं, की सभ्य माणसं नाही म्हणतात ती अशीच. पण तपासनीसांच्या धंद्यात नकार नावाची वस्तूच नव्हती. तिथे असायची ती तक्रार! दार घासतं? दार दुरुस्त करा. दिवा लुकलुकतो? दिवा बदला. तक्रार मिटली की माणसं निमूट लिफ्टमध्ये चढतात. मग गाडीत का नाही चढणार?

गॅरेजवाले उस्ताद तर अशा गाडीची वाटच बघत होते.

"साहेब, काही बोलू नका! मागे पंख लावतो. चाकं रुंद करतो. सायलेन्सर असा बसवतो, की अख्खी गल्ली दचकून उठेल!"

"पंख नकोत. शेजारची सीट उंच करा."

"उंच?" घोड्याला चष्मा लावायला सांगावं तसा उस्तादांचा चेहरा झाला. "अहो, लोक गाडी खाली करून घ्यायला येतात माझ्याकडे."

"लोकांच्या शेजारी कोण बसतं ते मला ठाऊक नाही. माझ्या शेजारी वहिनी बसणार आहेत. गुडघे दुखतात त्यांचे."

सीट उंच झाली. वहिनी खाली आल्या, "वा!" म्हणाल्या, आणि तेवढ्यात तपासनीसांनी उत्साहानं गाडी सुरू केली.

"अगंबाई! हा काय आवाज! डोकं उठेल माझं," म्हणत त्या आल्या पावली परत गेल्या.

सायलेन्सर बदलला. आता गाडी इतकी मुकी झाली, की फिरायला निघालेल्या मास्तरांच्या पाठीशी ती येऊन टेकली तरी त्यांना पत्ता लागला नाही. तपासनीसांनी प्रेमानं "अहो" अशी हाक मारली मात्र, मास्तरांनी कुठल्याच कवायतीत नसलेली उडी मारून थेट फुलझाडांचा वाफा गाठला!

"मांजरासारखे काय येता मागून!"

"बसा ना, घरापर्यंत सोडतो."

"आता तर मुळीच नाही!" मास्तर सदऱ्यावरची माती झटकत म्हणाले. मग त्यांना स्वतःचाच सूर खटकला असावा, कारण जरा मऊ आवाजात त्यांनी पुस्ती जोडली, "आणि त्या कापडातून वारं लागतं हो. मान धरते."

मान धरते? लगेच छपराला आतून जाड गादीचं अस्तर! एकीकडे सीट वर चढलेली, दुसरीकडे छप्पर खाली उतरलेलं. मधे जी फट उरली तिच्यात माणूस बसायचा तर आधी घडी घालावी लागली असती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते याला!

या सगळ्या दिवसांत त्या सीटवर बसलं कोण म्हणाल, तर बटाटे. बाजारातून येताना तपासनीसांनी पिशवी शेजारी ठेवली, तशी गाडी टुंग-टुंग ओरडायला लागली. वजन आहे आणि पट्टा नाही, अशी तिची तक्रार. त्यांनी पिशवीला पट्टा बांधला. गाडी गप्प झाली. शेजारी कुणीतरी आहे असं गाडीला तरी वाटतंय, या समाधानात ते घरी निघाले. वाटेत बटाट्यांना म्हणाले, "हा रस्ता पूर्वी एवढा रुंद नव्हता बरं का." घरी येऊन त्यांनी बटाटे टोपलीत ओतले आणि बराच वेळ दिवा न लावता स्वयंपाकघरात उभे राहिले.

तिथेच त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वहिनींना चढताना सीट उंच हवी आणि बसल्यावर छपरासाठी खाली हवी. आधी वर, मग खाली. अहो, हे तर आपलंच काम!

पुढचा आठवडाभर तपासनीस माणसात नव्हते. उस्तादांच्या गॅरेजात बसून त्यांनी सीटखाली मोटर बसवली, दांडे बसवले, हाताशी बटण दिलं. दाबलं की सीट वर, पुन्हा दाबलं की खाली. गाडीत लिफ्ट! उस्तादांनी कपाळाला हात लावला. "नाकापेक्षा मोती जड झालाय, साहेब."

"बसणाऱ्याला विचारा," तपासनीस ऐटीत म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी वहिनींना आणि मास्तरांना दारात बोलावलं. दोघांकडे सबबी संपल्या होत्या, त्यामुळे दोघं आले. वहिनी एक पाऊल पुढेही टाकत होत्या, एवढ्यात तपासनीसांनी हात आडवा धरला.

"थांबा! नवी लिफ्ट आधी तपासनीसानं स्वतः वापरायची. मग माणसांनी. आयुष्यभराचा नियम आहे माझा."

ते शेजारच्या सीटवर बसले, नियमाप्रमाणे पट्टा बांधला आणि बटण दाबलं. सीट राणीसारखी वर निघाली. दाराची पातळी आली. दाराची पातळी गेली! आत गेलेलं बटण बाहेर यायला तयार नव्हतं. तपासनीसांचं डोकं छपराच्या गादीत उशीत रुतावं तसं रुतलं, हनुवटी छातीला टेकली, गुडघे काचेला भिडले, आणि पट्ट्याची कडी सीटखाली कुठल्या कुठे गडप झाली. मग मोटरीनं एक उसासा टाकला आणि तीही थांबली.

"भावोजी, ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे," छातीच्या दिशेनं उत्तर आलं. "लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकलीय."

मास्तरांनी उस्तादांना फोन लावला. उस्ताद म्हणाले, "माझ्याकडे एक गाडी खोलून पडलीय, मला हलता येत नाही. तसेच घेऊन या साहेबांना!"

"पण चालवणार कोण?" त्रिशंकू तपासनीसांनी विचारलं.

उत्तर मिळण्याआधी दार धाडकन मिटलं. चालकाच्या त्या खोल, जमिनीला टेकलेल्या सीटवर वहिनी जाऊन बसल्याही होत्या!

"वहिनी, तुमचे गुडघे?"

"कसले गुडघे? किल्ली कुठे फिरवायची?"

गाडी निघाली. निघाली कसली, सुटली! तपासनीसांना आपल्या पोटाशिवाय काही दिसत नव्हतं, पण वळणं मात्र सगळी कळत होती. अखेर, इतक्या महिन्यांनी, त्या गाडीत दोन माणसं बसली होती. मनात साठलेलं सगळं बोलायला हीच वेळ, असं वाटून त्यांनी सुरुवात केली, "हा रस्ता पूर्वी एवढा..."

"श्श! वळण आलंय," वहिनी म्हणाल्या. मग कुरकुरल्या, "ही गुरगुरत का नाही हो? स्पोर्ट्स गाडी ना ही?"

"तुमचं डोकं उठायचं ना, म्हणून सायलेन्सर..."

"अहो, डोकं शेजारी बसणाऱ्याचं उठतं. चालवणाऱ्याचं नाही! तुम्ही सगळ्यांना बसा म्हणालात. चालवा असं एकदा तरी म्हणालात का?"

यावर तपासनीसांनी मान डोलावली असती, पण तेवढी जागा नव्हती.

उस्तादांनी दांडे सोडवून त्यांना खाली उतरवलं. सीट पुन्हा पहिल्यासारखी, विहिरीच्या तळाशी बसवली. परतीच्या वाटेवरही वहिनीच चालवत होत्या आणि गाणं गुणगुणत होत्या. तपासनीस हात मांडीवर ठेवून ऐकत होते. बोलणं नव्हतं, पण शेजारी माणूस होतं. त्यांना ते पुरेसं वाटलं. इमारत आणखी लांब असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

फाटकाशी मास्तर ताठ उभे होते, पण डोळे लहान मुलासारखे लकाकत होते.

"आता माझी पाळी!"

"मास्तरांना या गाडीचे गियर कुठले कळायला?" वहिनी म्हणाल्या. "मी शेजारी बसून दाखवते त्यांना. भावोजी, तुम्ही उतरता का जरा?"

तपासनीस उतरले. वहिनी त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या, गुडघ्यांसकट. मास्तर पाठीसकट आत शिरले. छप्पर उघडलं गेलं, हसण्याचा एक मोठा लोट उठला आणि लाल गाडी कोपऱ्यावरून नाहीशी झाली. गाडीनं आवाज केला नाही, पण त्या दोघांचं बोलणं मात्र बराच वेळ ऐकू येत राहिलं.

रस्ता रिकामा झाला. तपासनीस फुटपाथवर उभे राहिले. गाडीत आता एकही जागा रिकामी नव्हती. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, अगदी तसंच झालं होतं. तक्रार करायची तर कुणाकडे आणि कशाची? त्यांनी खिशातून फोन काढला.

"उस्ताद, आणखी एक सुधारणा सुचलीय. गाडीला मागे तिसरी सीट बसेल का हो?"

"आता आणखी कुणाला बसवायचंय, साहेब?"

तपासनीसांनी कोपऱ्याकडे पाहिलं. कुणी परत येत नव्हतं.

"लहानशी चालेल," ते ओशाळून म्हणाले. "मलाच हवीय."