चांतिपने भरलेलं मडकं

इनताने भाजीवाल्याला सांगितलं, की मडक्यात अळ्या झाल्यात. साठ वर्षांच्या आयुष्यात त्याला खोटं बोलायची फारशी वेळ आली नव्हती. त्यामुळे सराव नव्हता, आणि सराव नसलेला माणूस निवडून निवडून नेमकं नको ते खोटं बोलतो.

मडकं अंगणाच्या कडेला, रस्त्याला लागून, लाकडी घडवंचीवर होतं. वर झाकण, झाकणावर करवंटीचं ओगराळं. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावं, पाणी प्यावं, पुढे जावं. अशी मडकी गावात घरोघर होती, पण इनताच्या बायकोच्या, चांतिपच्या मडक्यातलं पाणी गार म्हणून लोक आधीची दोन घरं टाळून इथे थांबत. नऊ दिवसांपूर्वी सकाळी तिने विहिरीचं पाणी आणून ते काठोकाठ भरलं, फडक्याने कड पुसली, "जरा पाठ टेकते" म्हणाली आणि उठलीच नाही.

सात दिवस घरात भिक्खू आणि पाहुणे. त्यांना बर्फाचं पाणी होतं, म्हणून मडक्याकडे कुणी वळलं नाही. सगळे गेल्यावर इनताने झाकण काढून पाहिलं, तर तळाशी चार बोटंच पाणी उरलेलं. मातीचं मडकं, पाझरणारच. त्याने मडक्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं, वर केळीचं पान धरायला बांबू रोवला, आणि अंदाज बांधला. फार तर आठ ओगराळी. तेवढ्यात भाजीवाला मोटारसायकलवरून उतरला आणि त्याने झाकणाला हात घातला.

"पिऊ नको. अळ्या झाल्यात."

दारातलं पाणी नाकारणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नाही. अळ्यांचं कारण त्या मानाने सभ्य होतं. पण भाजीवाल्याच्या गाडीला तीस पिशव्या लटकत, आणि त्या प्रत्येक पिशवीबरोबर एक बातमी फुकट जाई. वांगी संपायच्या आत गावाला कळलं, की चांतिप गेली आणि तिच्या घरात डासांची पैदास सुरू झाली.

दुपारी वानदी आली. वानदी म्हणजे गावची आरोग्यसेविका, बिनपगारी. गुलाबी जाकीट, हातात बॅटरी आणि ताब्यात बारा घरं. चांतिपची ती लहानपणापासूनची मैत्रीण.

"भावजी, दोन वर्षांत माझ्या बारा घरांत एक अळी निघाली नाही," ती म्हणाली. "आणि गुरुवारी तालुक्याचे साहेब तपासणीला यायचेत, तर तुम्ही आजच जाहिरात केलीत?"

तिने झाकण काढलं, बॅटरी मारली, वाकून पाहिलं, उठून पाहिलं.

"कुठंयत?"

"तळाशी असतील. माणूस बघून दडतात."

"अळीला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. लाजून किती वेळ बसेल?"

"मग नसतील."

"मग सांगितलंत कशाला?"

खरं सांगायचं तर चांतिपचं नाव तोंडातून काढावं लागलं असतं, आणि ते अजून जमत नव्हतं.

"शंका आली," तो म्हणाला.

"शंका असेल तर ओतून टाका. विहीर पन्नास पावलांवर आहे."

"नाही ओतणार."

"तर मग अळ्या मारायची औषधाची वाळू टाकते."

"दे इकडे, मी टाकतो."

वानदीने पुडी दिली. इनताने ती घरात नेऊन उशीखाली ठेवली. दुसरी जागा सुचली नाही.

मंगळवारी शेजारच्या मालाईला कणकण आली. तिने घोंगडी पांघरून कुंपणापाशी खुर्ची टाकली, म्हणजे ताप सगळ्या गावाला दिसावा.

"इनता, तुझ्या डासांनी खाल्लं रे मला. चांतिप असती तर असं झालं असतं का?"

इनता घरात गेला आणि तासभर बाहेर आला नाही. मालाईला दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं. डेंग्यू नव्हता, साधी सर्दी होती. हा निकाल मालाईला अजिबात पटला नाही.

बुधवारी गावप्रमुख सुरीन स्वतः आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत तीन गप्पी मासे.

"वाळू नको तर नको. हे सोड मडक्यात. अळ्या फस्त करतील."

"पिण्याच्या पाण्यात मासे?"

"पण तू कुणाला पिऊ देतोस कुठं?"

इनताने पिशवी घेतली, मासे एका परातीत सोडले आणि त्यांना भाताची शितं घातली.

"निदान मडकं घरामागे ने," सुरीन म्हणाले. "उद्याचा दिवस."

"तिनं तिथं ठेवलंय," इनता म्हणाला. त्याच्याही नकळत तोंडून निघून गेलं. सुरीनना वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. ते मान हलवत गेले. संध्याकाळी इनताने झाकण उघडलं. दोन ओगराळी, फार तर.

गुरुवारी साहेब आले. पोक्त, जाड, घामाने भिजलेले. अकरा घरं पाहून झाली, पालथी घातलेली पिंपं, झाकलेले रांजण, सगळं नीट. बाराव्या घरापाशी वानदीने चालण्याचा वेग वाढवला.

"हे दुःखातलं घर आहे साहेब," सुरीन म्हणाले. "इथं नको."

"बरं," म्हणून साहेब सावलीला टेकले. केळीच्या पानाखाली मडकं दिसलं, ओलं पोतं दिसलं. तहानलेल्या माणसाला यापुढे काही विचारायचं नसतं. त्यांनी झाकण काढलं.

वानदीने सुरीनकडे पाहिलं, सुरीननी आभाळाकडे. इनताचा हात पुढे झाला. 'अळ्या' एवढा एक शब्द पुरे होता. पण तो उच्चारला तर वानदीची दोन वर्षं मातीत, आणि ओगराळं तर साहेबांच्या ओठांना लागलेलं. पाणी पिणाऱ्याला थांबवणं चांतिपला कधी जमलं नसतं. इनताने हात मागे घेतला.

साहेब एक ओगराळं प्याले. दुसरं भरायला त्यांना मडकं तिरकं करावं लागलं.

"वा. गावभर फिरलो, असं गार कुठं नाही. कोण भरतं हे?"

"बायको," इनता म्हणाला.

"त्यांना सांगा, फार बरं वाटलं."

"सांगतो."

वानदीने बॅटरी जाकिटाच्या खिशात घातली, परत बाहेर काढली, परत घातली. मडक्याभोवतीच्या ओल्या पोत्याकडे नव्हे, ती इनताकडे बघत होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "मला सांगायचं होतंत."

"काय सांगणार होतो?"

साहेबांनी कागदावर बाराव्या घरापुढे खूण केली आणि मागे वळून विचारलं, "आमच्या ड्रायव्हरलाही मिळेल का थोडं?"

मडकं कोरडं होतं. इनताने ते दोन्ही हातांनी सरळ केलं, फडक्याने कड पुसली आणि बादली उचलली.

"आणतो," तो म्हणाला, आणि विहिरीकडे गेला.

बराच वेळ झाला तरी तो आला नाही. ड्रायव्हरने दोनदा घड्याळ पाहिलं. वानदी विहिरीकडे जायला निघाली, तर सुरीननी तिला हाताने थांबवलं आणि ड्रायव्हरला समजावून सांगितलं, की आमच्याकडे पाणी जरा खोल आहे, दोर लांब लागतो.