दामू वडक्याच्या अँटेनात अडकलेली उत्तरं

दामू वडक्याच्या बायकोनं छत्तीस वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर यंदाच्या मार्गशीर्षात त्याच्या अँटेनातून बाहेर आलं, एवढीच गोष्ट आहे, आणि ती सांगायला मलाच का धरलंत ते कळत नाही. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. आळीच्या मंडळाच्या स्मरणिकेत दोन पानं कोरी राहिली म्हणून सेक्रेटरी रोज दारात येऊन बसतो. जाहिरात मिळाली असती तर त्याला माझी आठवण झाली नसती. असो. लिहिलंय तसं छापा, मध्ये आपलं डोकं चालवू नका.

टेकडीवरचा टॉवर डिजिटल झाला आणि दामूच्या घरातलं चित्र गेलं. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सुनेनं, वृषालीनं, नवा डबा आणून टीव्हीला जोडला. पडद्यावर निळ्यात पांढरी अक्षरं आली, सिग्नल नाही. कधीमधी चित्र यायचं, पण त्याचे चौकोन पडायचे. बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी कपाळावर जाऊन बसायची आणि बाई तशीच बोलत राहायची.

"आमच्या वेळी मुंग्या यायच्या," दामू म्हणाला. "पण मुंग्यांच्या मागं माणूस अख्खा असायचा."

"तुमच्या वेळची अँटेना आहे म्हणूनच हे चाललंय, आप्पा," वृषाली म्हणाली आणि तिनं तक्रार नोंदवली.

दामूची अँटेना तांब्याची आहे. आमची तांबट आळी. टीव्ही आले तेव्हा सगळ्यांनी बाजारातून ॲल्युमिनियमच्या अँटेना आणल्या. दामू म्हणाला, ॲल्युमिनियम हा काय धातू आहे? त्यात दूधसुद्धा तापवू नये. बंबाच्या उरलेल्या नळ्या ठोकून त्यानं स्वतः अँटेना केली, अकरा काड्यांची, दांड्यासकट. तिला तीन माणसं लागायची. गच्चीवर दांडा धरून दामू. टीव्हीसमोर पाटावर त्याची बायको, मालनवहिनी. आणि जिन्यात मी. दामूनं वरून "आलं का?" विचारायचं, वहिनीनं खालून उत्तर द्यायचं, मी ते वर पोचवायचं. आळीत सदा हातोड्यांचा ठणठणाट, त्यामुळं जिन्यात माणूस नसला तर खालचं वर पोचायचं नाही.

वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली. दामू माझ्याशी बोलत नाही त्याला छत्तीस. घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि दोन गच्च्यांमध्ये गुडघ्याएवढा कठडा आहे.

मेकॅनिक शकील बागवान शुक्रवारी दुपारी आला. चाळिशीचा, शांत, चष्मा कपाळावर. त्यानं तारेचा सांधा कापून नवा केला, बूस्टर काढून पाहिला, डब्याला पुन्हा चॅनेल शोधायला लावले. मग गच्चीवर आला. "काका, दांडा टॉवरकडं फिरवा, हळूहळू. आणि खाली विचारत राहा."

दामूनं दांडा धरला आणि जुन्या सवयीनं ओरडला, "आलं का?"

वृषालीनं तोंड उघडायच्या आत दांड्याच्या वरच्या टोकातून मालनवहिनीचा आवाज आला, "थांबा हो, दूध वर आलंय!"

दामूनं दांडा सोडला नाही. शकीलनं चष्मा डोळ्यांवर घेतला, दांड्याला कान लावला आणि पिशवीतून फॉर्म काढला.

"आवाज कुणाचा?"

"बायकोचा."

"खाली आहेत त्या?"

"वारली. सहा वर्षं झाली."

"मग जुनं उत्तर आहे," शकील म्हणाला. फॉर्मवर त्यानं दोषाच्या रकान्यात लिहिलं, आधीची उत्तरं लाइनीत शिल्लक. "तांबं आहे ना, काका. तांबं लवकर सोडत नाही. ॲल्युमिनियममध्ये फार तर आठवड्याभराचं सापडतं."

"इतकी वर्षं नाही आलं ते?"

"डिजिटल सगळंच उशिरा देतं. शेजारी केबलवर विकेट पडून माणसं पाणी प्यायला उठतात, तेव्हा डिजिटलवाल्याकडं बोलर अजून पळतच असतो. त्यात तुमचं तांबं. धरा छत्तीस वर्षं."

"सगळी येणार उत्तरं?"

"त्या वेळी तुम्हाला पोचली नाहीत तेवढीच. पोचलेली कशाला परत येतील? क्रमानं येतील. एक विचारलं की एक. लाइन रिकामी झाल्याशिवाय चित्र बसणार नाही. नाहीतर अँटेना बदलायची, पंधरा मिनिटांचं काम."

"बदला!" वृषाली जिन्यातून म्हणाली.

"हात लावायचा नाही," दामू म्हणाला.

शकीलनं दोघांचंही लिहून घेतलं. तक्रार आठ दिवसांपलीकडं उघडी ठेवता येत नाही, त्याला वरच्या साहेबांना उत्तर द्यावं लागतं. पुढच्या शुक्रवारी येतो, म्हणाला. तोवर लाइन रिकामी झाली तर उत्तम, नाहीतर नवी बसवणार.

दामूला दूध वर आल्याचं ऐकायचं नव्हतं. त्याला एकच उत्तर हवं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी टीव्हीची माणसं आळीत आली होती. त्यांनी मारुतीच्या देवळापासून टोकापर्यंत सगळं टिपलं आणि हंडा ठोकायला दामूला बसवलं. वहिनीनं त्याच्या डोक्याला एवढं तेल लावलं होतं की दिव्याखाली तो हंड्यापेक्षा जास्त चमकला. कार्यक्रम रविवारी चार वाजता होता. नेमका त्या दिवशी वारा सुटला, अँटेना गरगर फिरायला लागली. तिचा स्वभाव एकट्या दामूला ठाऊक, म्हणून तोच वर गेला. ठरलं असं, की त्याचा चेहरा दिसला की वहिनीनं हाक मारायची, मी वर सांगायचं, दामूनं खाली पळायचं आणि दांडा मी धरायचा.

दामूनं पाच वेळा विचारलं. एकदाही उत्तर आलं नाही. मग कार्यक्रम संपून घरातली चाळीस माणसं बाहेर पडली आणि त्याला खालूनच ओरडून सांगायला लागली, "दामूशेठ, काय दिसलास रे!" सगळ्या आळीनं दामू पाहिला, दामूनं नाही. तो कार्यक्रम परत कधी लागला नाही.

वहिनी म्हणाली, देवाशपथ, मी हाका मारल्या. मी म्हणालो, माझ्या कानावर काही पडलं नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं दामूनं ठरवलं आणि शिक्षा दोघांनाही दिली. बायकोशी अकरा दिवस बोलला नाही. मला सगळ्या आळीसमोर बहिरा म्हणाला.

तांबटाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, चालतं. बहिरा म्हणायचं नाही. पत्रा कुठं पातळ झाला ते तांबटाला ठोक्याच्या आवाजावरून कळतं. कान गेला की हात गेला. त्यानंतर वर्षभर गिऱ्हाईक माझ्याकडं हंडा टाकताना आधी माझ्या कानाशी टिचकी वाजवून बघायचं.

तर दामू रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन विचारायला लागला आणि दांड्यातून उत्तरं यायला लागली. मी मुद्दाम ऐकलं नाही. शेजारच्या गच्चीवर आवाज येतो, त्याला काय कानात बोळे घालायचे?

"आलं, पण सगळ्यांना दोन-दोन डोकी आहेत!"

"आता बरंय. हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका."

"बाई हसतेय पण ऐकू येत नाही. अहो, तिला जरा उजवीकडं घ्या!"

सोमवारच्या उत्तरानं दामू खाली बसला. "पाऊस यायला लागलाय हो, मरू दे ते चित्र, खाली या!" ती संध्याकाळ मला आठवते. तो दीड तास भिजला होता आणि पुढं महिनाभर, ह्या घरात माझी काळजी कुणाला नाही, म्हणून शिंकत होता.

वृषाली आधी रागानं ताटं आपटत होती. बुधवारी ती भाजी निवडायला जिन्यात येऊन बसली. लग्न होऊन तिला चारच वर्षं झालेली, सासूचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"गोड होता हो आत्यांचा आवाज."

"गोड कसला? आळीच्या टोकाला ऐकू जायचा."

"मग तुम्हाला कसा नाही आला, आप्पा?"

दामूनं दांड्याला उगाच फडका मारला.

गुरुवारी त्यानं सकाळी एकदाच विचारलं. "चहा निवतोय तुमचा," एवढंच आलं. संध्याकाळी तो नुसता दांड्याला टेकून बसून राहिला. वृषालीनं जेवायला हाक मारली, मग स्वतःच वर आली.

"उद्या शकीलभाई येणार. विचारून घ्या ना सगळं."

"विचारलं की संपतं," दामू म्हणाला.

तिनं ताट वरच आणून दिलं.

शुक्रवारी शकील नवी अँटेना घेऊन आला. ॲल्युमिनियमची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. ती त्यानं कठड्याला टेकवून ठेवली आणि घड्याळ बघितलं. "काका, चार वाजत आलेत. सुरू करा."

दामूनं दांडा दोन्ही हातांनी धरला. "आलं का?"

"नाही अजून, शेतीचं चाललंय!"

दामूचा चेहरा बदलला. त्या रविवारी आधी शेतीचाच कार्यक्रम होता. मीही माझ्या गच्चीवर उठून उभा राहिलो.

"आलं का?"

"दम धरा की जरा! सांगते म्हटलं ना!"

"आलं का?"

"मारुतीचं देऊळ आलं! आळी आली! तो बघा आपला नळ!"

दामूला पुढचं विचारवेना. शकील अदबीनं म्हणाला, "काका, अजून शिल्लक आहे लाइनीत." मग दामूनं विचारलं, अगदी हळू, देवापुढं विचारावं तसं.

"आलं का?"

"आलं! अहो आलं, आलात तुम्ही! खाली या, पळा! गजाभाऊजी, दांडा धरा तुम्ही!" आणि मग, हे काही वर पाठवण्यासाठी नव्हतं, शेजारणीला म्हणावं तसं बारीक आवाजात, "अगंबाई, किती देखणं दिसतंय हे आमचं ध्यान."

गजाभाऊजी म्हणजे मी. माझं नाव घेऊन सांगितलेलं काम, छत्तीस वर्षं तुंबलेलं. मी कठडा ओलांडला आणि दांडा धरला. दामूनं माझ्याकडं बघितलं नाही, पण दांडा सोडला, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरला. वृषालीनं सासूचा पाट पुढं सरकवला. तो त्यावर बसला आणि पडद्याकडं बघायला लागला. पडद्यावर होतं, सिग्नल नाही.

तो तरी बसून राहिला. दांडा ज्याच्या हातात त्यानं विचारायचं असतं, म्हणून मी विचारलं, "आलं का?"

उत्तर खालून आलं नाही, दांड्यातून आलं. पाचवं. आवाज दमलेला होता.

"संपलं हो. किती हाका मारल्या मी. या आता खाली, कसे दिसलात ते मी सांगते तुम्हाला, सगळं सांगते."

ते खाली दामूला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पोचवणं हे माझं काम. मी दांडा शकीलच्या हातात दिला, जिन्यात उभा राहिलो आणि एकही शब्द न गाळता वहिनीचं उत्तर खाली ओरडून सांगितलं.

ती सांगणार होती आणि हा अकरा दिवस तोंड फिरवून बसला होता. पुढं तिनंही सांगितलं नाही, ह्यानंही विचारलं नाही.

तेवढ्यात वृषाली ओरडली, "आलं! आप्पा, चित्र आलं! किती स्वच्छ!"

"लाइन मोकळी झाली," शकील म्हणाला आणि फॉर्मवर खूण केली.

दामू वर आला. चित्राकडं त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. दांडा कलता करून त्यानं टोकाला तोंड लावलं आणि म्हणाला, "मालन, तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं. आता सांग, कसा दिसलो ते."

"आप्पा, गेलं!" वृषाली खालून ओरडली. "चौकोन पडले!"

शकीलनं चष्मा वर केला. "काका, आत्ताच मोकळी झाली होती लाइन. आता हे खाली पोचेपर्यंत चित्र असंच राहणार."

"किती दिवस?"

"दिवस नाही. छत्तीस वर्षं. तांबं आहे."

"राहू दे," दामू म्हणाला.

वृषाली जिन्यात आली होती. "आणि छत्तीस वर्षांनी ते ऐकायला टीव्हीसमोर कोण असणार, आप्पा?"

"पाट हलवू नका, म्हणजे झालं."

तिनं थोडा विचार केला आणि बरं म्हणाली. शकीलनं लिहिलं, एक निरोप मार्गस्थ, अँटेना बदलू नये. त्याखाली दामूची सही घेतली, नवी अँटेना खांद्यावर टाकली आणि चहा पिऊन गेला. त्या घरात अजून तुकड्यातुकड्यांतच मालिका बघतात. वृषाली म्हणते, सवय झाली, कुठला डोळा कुणाचा ते आता कळतं. पाट जागेवर आहे.

शकील गेल्यावर गच्चीवर आम्ही दोघंच राहिलो. मी ऐकलं होतं, मी पोचवलं होतं, शब्द न् शब्द. मी वाट पाहिली. दामू अँटेनाकडं बघत म्हणाला, "गजा, दांडा कलला बघ, सरळ कर." मी सरळ केला.

जिवंत माणसाला, हातभर अंतरावर, माझं चुकलं म्हणायला छत्तीस वर्षं लागत नाहीत. त्यात तांबं आड येत नाही. तो अजून म्हणालेला नाही. नाव नीट छापा, काना-मात्रा चुकू देऊ नका: दामोदर विठोबा वडके, तांबट आळी, मारुतीकडून पाचवं घर.