स्टिम्युलसचा मलिदा

इस्राएलच्या वाळवंटातल्या आमच्या येरुहाम गावात इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो मी. मुंबईला मॅट्रिकला इंग्रजीत पहिला आलो होतो. हिब्रू अजून अशी बोलतो की वाणी मला हातवारे करून भाव सांगतो, पण ते सोडा.

आमचा कारखाना छत्र्यांचा. वाळवंटात छत्र्या का, हे सरकारला विचारा. मी तिथे कचेरीत कारकून, आणि बांधणी खात्यातले सगळे आमचेच, कोकणातून मुंबईमार्गे आलेले मराठी ज्यू, बेने इस्राएल. काम रेंगाळलं म्हणून वरून एक अमेरिकन तज्ज्ञ आले. दोन तास फिरले आणि म्हणाले, "या कामगारांना स्टिम्युलस नाही."

मॅनेजर योरामने माझ्याकडे पाहिलं. असा क्षण आयुष्यात क्वचित येतो. मी घसा साफ केला. "स्टिम्युलस म्हणजे, जे समोर आलं की माणूस आपोआप हालचाल करतो, ते."

"मग आण ते," योराम म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळी ट्रक भरून बंदराला गेला, तर पाळीप्रमुखाची खुर्ची तुझी."

त्या खुर्चीसाठी मी किती वर्षं झुरत होतो, ते माझ्या बायकोला, जेमायमाला विचारा. तिने तर खुर्चीवर घालायची उशीही शिवून ठेवली होती.

आता आमची माणसं कशाने हलतात? मलिद्याने, आमच्या प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मांडतात त्या प्रसादाने. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर खजूर आणि फळं. मी जेमायमाला ताटं भरायला सांगितली.

"नवस कसला फेडताय?" तिने विचारलं.

"नवस नाही. ट्रक भरायचाय."

"भरायचाय? मग मलिदा आधी कसा? एलियाहू हन्नाबीचा मलिदा काम झाल्यावर करतात."

"हे शास्त्र आहे," मी म्हणालो. "तुला कळायचं नाही."

गुरुवारी दुपारी बांधणीच्या टेबलावर ताटं मांडली. स्टिम्युलसवर मी छोटंसं भाषण केलं. सगळ्यांनी भक्तिभावाने "आमेन" म्हटलं. मग गाणं झालं, बेराखा म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना झाल्या. सगळ्यांत जुने कामगार नाथानमामा डोळे पुसत मला म्हणाले, "रूबेन, देवाने लाज राखली हो." मला भरून आलं. मी धावत योरामला आणि तज्ज्ञांना बोलवायला गेलो.

परत आलो तर खात्यात छत्र्यांचा ढीग, खजुराच्या बिया आणि आम्ही तिघे.

नाथानमामा फाटकापाशी सापडले. उरलेला मलिदा रुमालात बांधून घरी निघाले होते.

"मामा, ट्रक रिकामा आहे!"

"अरे, मलिदा झाला म्हणजे काम झालं. आभार मानून झाल्यावर परत कामाला बसू? एलियाहू हन्नाबीला खोटा पाडू काय?"

यावर मॅट्रिकच्या पुस्तकात काही नव्हतं.

मी एकटाच खात्यात परतलो, तेव्हा तज्ज्ञ अत्यंत सभ्यपणे खिडकीबाहेर पाहत होते. योराम मात्र सभ्य नव्हता. "बाह्या वर कर," तो म्हणाला. "तू बांध."

छत्री मिटून, पट्टा लावून, पिशवीत घालून खोक्यात भरायची, एवढंच. पण पहिली खोक्यात उघडली. दुसरीने माझा चष्मा पाडला. तिसरी आणि चौथी एकमेकींत अशा अडकल्या की वेगळं करताना पाचवी मोडली. बातमी गावात कशी गेली कोण जाणे, थोड्या वेळाने खिडक्यांना चेहरे लागले. रुमालातला मलिदा खात लोक माझी गंमत पाहत होते. त्यात जेमायमाही होती, आणि ती सगळ्यांत जास्त हसत होती.

शेवटी नाथानमामांना सोसवेना. ते आत आले आणि मला कोपराने बाजूला सारलं. "अरे मेल्या, अशी बांधतात छत्री? हो तिकडे." त्यांच्यामागून सगळे आले, मला शिव्या घालत कामाला लागले, आणि अंधार पडायच्या आत ट्रक भरून निघालासुद्धा!

मी चष्मा सरळ केला, शर्ट खोचला आणि योरामच्या खोलीत गेलो. तज्ज्ञ तिथेच बसले होते, खुशीत.

"ट्रक गेला," मी म्हणालो. "माझी खुर्ची?"

योरामने तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञांनी मान हलवली.

"रूबेन, तू छत्र्या बांधायला लागलास की सगळं खातं धावून येतं," योराम म्हणाला. "असा माणूस मी खुर्चीत बसवून वाया घालवू?"

रविवारपासून मी बांधणी खात्यात आहे. पाळीप्रमुखाच्या खुर्चीवरची उशी नाथानमामा वापरतात.