नवस बोलले आणि हजेरी लागली

देवाशी बोलताना लबाडी करू नये, हे मी सगळ्यांना सांगत असते. पण कॉलेजच्या प्रवेशासाठी नवस बोलताना मी ती केली.

आजवर देवासाठी मी साखर सोडली, चहा सोडला, एकदा तर वर्षभर अनवाणी फिरले (टाचांच्या भेगा अजून साक्षीला आहेत). या वेळी म्हटलं, जरा झेपेल असं बोलावं. 'देवा, यादीत नाव लागू दे. पहिल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढणार नाही.' वर्गात विद्यार्थ्याला करायचं काय असतं? ऐकायचं! आमच्या शाळेत तर बोलणाऱ्यालाच बाकावर उभं करायचे. म्हणजे नवस बसल्या जागी फिटणार होता.

नाव लागलं, अगदी शेवटचं. लग्नामुळे अर्धवट सुटलेलं शिक्षण बावीस वर्षांनी पुन्हा हाती आलं. यादीच्या खाली एक सूचना होती: पहिल्या दिवशी हजेरीच्या वेळी जो नसेल, त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला जाईल. मी म्हटलं, नसायला मला काय धाड भरलीय?

पहिल्या दिवशी राग यायला सकाळी घरातूनच सुरुवात झाली.

"आज घरात किती प्रसन्न वाटतंय, नाही का गं आई?" हे म्हणाले.

"हो ना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रेडिओ नीट ऐकू आला," सासूबाई म्हणाल्या. (त्यांना कमी ऐकू येतं, असा माझा समज होता.)

"बरं का गं, संध्याकाळी ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावतोय. चालेल ना?"

मी उलथनं ओट्यावर आपटलं.

"काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती!"

"अगं, कागदावर लिहून तरी दाखव," सासूबाईंना दया आली. मी जोरजोरात मान हलवली. व्रतात लिहून बोलणं म्हणजे उपासाला दाराआड जाऊन जेवणं. ते आपल्याच्याने व्हायचं नाही.

"बघ आई, 'नाही' म्हणतेय. म्हणजे हरकत नाही!" हे शीळ घालत आंघोळीला गेले. त्यांच्या टॉवेलला गाठी मारून ठेवाव्यात असं फार मनात आलं. (एकच मारली.)

कॉलेजच्या फाटकाशी वॉचमन आडवा आला. "पालकांची बाकं तिकडे, झाडाखाली."

मी प्रवेशाची पावती नाचवली. त्याने ती उलटसुलट पाहिली. "पावती आहे, मग मुलगी कुठेय?"

मी छातीवर बोट ठेवलं. मी! मी आहे मुलगी!

"तुमची मुलगी आहे, कळलं हो. ती आली की आत सोडतो. तुम्ही सावलीत बसा."

असा संताप आला! पण तोंड बंद. बाकावर शेजारी एक पालकबाई वारा घेत बसल्या होत्या. "तुमची कोणत्या वर्गात?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा छातीवर बोट ठेवलं, जरा जोरात. दोनदा. रागाने माझा चेहरा लाल झाला होता आणि श्वास फुलला होता.

"अगंबाई! छातीत दुखतंय हिच्या! अहो, धावा कुणीतरी!"

चौघा पालकांनी मला उचललं. ज्या फाटकातून मी पावती दाखवून आत जाऊ शकले नव्हते, त्याच फाटकातून मला आडवी नेताना वॉचमनने दोन्ही दारं सताड उघडली.

आजारी मुलांच्या खोलीत नर्सबाईंनी मला खाटेवर दाबून धरलं. "बोलायचा प्रयत्न करू नका," त्या प्रेमाने म्हणाल्या. (दिवसभरात माझ्या नवसाला मदत करणारी ही एकच बाई, आणि मला नेमका तिचाच गळा धरावासा वाटत होता.) रक्तदाब पाहून त्या चपापल्या आणि डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेल्या. मी चपला हातात घेतल्या आणि पळाले.

वर्गात पोचले तेव्हा हजेरी संपतच आली होती. दाराशी एक तरुण मुलगी पिशवी पोटाशी धरून उभी होती. प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव! मी तिला ओलांडून बाकावर टेकते न टेकते तोच सरांनी माझं नाव पुकारलं. मी हात वर केला.

"हात नको," सर मान वर न करता म्हणाले. "मागच्या वर्षी एकीच्या नावावर तिची वहिनी वर्षभर हात वर करत होती. तोंडाने बोला."

मी दोन्ही हात वर केले. उभी राहिले. देवा, बघतोयस ना?

"नाहीत? शेवटचं विचारतो."

तेवढ्यात ती मुलगी दारातून म्हणाली, "सर, काकूंना नसेल जमणार. घरी कामं असतील."

घरी कामं!

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही, वर्गाला आठवतं. "ए मुली, पिशवी खाली ठेव!" इथून जी सुरुवात झाली ती म्हणे थांबेचना. वॉचमन, पालकबाई, नर्सबाई, ऑफिसातले चार पाहुणे, मौन म्हणजे संमती, बावीस वर्षांचा स्वयंपाक, सगळ्यांचा उद्धार झाला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा अख्खा वर्ग माझ्या वतीने मौन पाळत होता.

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे... हजर?"

"हजर!" मी इतक्या जोरात ओरडले की वॉचमन धावत आला. आला आणि मला पाहून तसाच परत गेला.

नवस मोडला म्हणून परतताना डोळ्यांत पाणी होतं. पण देव काही विसरत नाही. घरी चौघं पाहुणे पानावर वाट पाहत बसलेले. "आमच्या हिचं आज मौन आहे बरं का," हे कौतुकाने म्हणाले. बाहेर तर केव्हाच अंधार पडला होता. आता यांना चांगलं सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर गंजलेल्या बिजागरीसारखा नुसता 'किर्र' आवाज आला. घसा पार बसला होता.

"एकच दिवस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "चांगला आठवडाभर पाळ की."

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने प्रवेशच रद्द केला. ती जागा त्या मुलीला मिळाली आणि ती माझ्याच बाकावर येऊन बसली (जरा अंतर ठेवून). मला खरंच आनंद झाला. पण हजेरी सुरू झाली आणि घशातून तर अजून अक्षर फुटत नव्हतं. माझं नाव आलं. मी भीत भीत उभी राहिले, देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.

"दिसलात, दिसलात!" सर घाईघाईने म्हणाले. "हजर आहात! बसा! बोलू नका!"