फाटकाचं नवं व्हर्जन

गुरुवारी सकाळी डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या अध्यक्षा दर्शनाताई स्वतःच्याच फाटकाबाहेर भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत होत्या. फाटक फक्त मोबाइलवरच्या ॲपनं उघडायचं, वॉचमनकडेही किल्ली नव्हती, आणि ॲप उघडता उघडता मिटत होतं.

ॲप रवींद्रचं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो ॲप लिहायचा आणि तेवढ्या भांडवलावर सोसायटीत विद्वान म्हणून मिरवायचा. रविवारच्या सभेत त्याला सेक्रेटरी व्हायचं होतं. ॲप नीट चाललं, की वॉचमन रामाची गरजच उरणार नाही, असं त्यानं समितीला छातीठोक सांगितलं होतं.

"काल माझा फोन अपडेट झाला, रवी. तेव्हापासून तुझं ॲप आडवं पडलंय."

"आम्ही टेस्ट केलेलं, ताई."

टेस्ट केलेलं खरं. पण ऑफिसच्या एकुलत्या एका फोनवर. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं जाई, आणि पूजेतला फोन अपडेट करायचा नाही, असा मालकांचा दंडक होता. सहा वर्षं त्या फोनवर एकही ॲप नापास झालं नव्हतं. झालं असतं तरी फोनला दोष देण्याची कुणाची छाती नव्हती.

रवींद्रनं दुखणं शोधलं. ॲपमधली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडचं गाठोडं, फोनच्या खाजगी सामानातून न विचारता उचलेगिरी करत होती. शेजारणीच्या ओट्यावरून मीठ उचलावं तशी. फोनच्या नव्या व्हर्जननं त्या स्वयंपाकघराला कुलूप घातलं होतं. रवींद्रनं ॲपसोबत नवं कोरं गाठोडं दिलं आणि या वेळी दर्शनाताईंच्या फोनवर टेस्ट केलं. फाटक उघडलं. सेक्रेटरीची खुर्ची त्याला दिसू लागली.

शुक्रवारी जुन्या फोनांवरचं ॲप बंद पडलं. नवं गाठोडं जे मागत होतं, ते जुन्या फोनात मुळी नव्हतंच.

"दादा, काल उघडत होतं, आज नाय उघडत," कांताबाई फाटकाबाहेरून म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही?"

"कांताबाई, फोन बदला आता."

"मी कशाला बदलू? तुम्ही ॲप बदला. मी चालले."

कांताबाई चार घरच्या पोळ्या करत. अध्यक्षा तासभर बाहेर उभ्या होत्या, तेव्हा कुणाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पोळ्या चुकल्या तशी सोसायटी पेटली.

शनिवारी रवींद्रनं दोन ॲप काढली: एक जुन्या फोनांसाठी, एक नव्यांसाठी. आपला फोन कितव्या व्हर्जनचा, हे मात्र एकाही सुशिक्षिताला ठाऊक नव्हतं. ज्यानं त्यानं नेमकं भलतंच ॲप घेतलं. शेवटी रामानंच एकेकाचा फोन हातात घेऊन पाहिला आणि वहीत लिहून ठेवलं. दुपारपर्यंत तो माणसाच्या नुसत्या चालीवरून व्हर्जन सांगू लागला.

रविवारी रवींद्र इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला.

"रामाला कायम करावं," दर्शनाताई म्हणाल्या, "आणि हाताखाली एक माणूस द्यावा. हे काम एकट्याचं नाही."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

"माणूस मिळेपर्यंत रवी, तूच बस सकाळी सात ते नऊ. शिकलेला आहेस, जमेल. सेक्रेटरीचं नंतर बघू."

रवींद्रनं आशेनं रामाकडे पाहिलं. रामानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बसवतो की," तो म्हणाला. "फक्त सायेब, कुणी काय विचारलं तर तुम्ही सांगू नका. मला हाक मारा."